लिनक्स संगणकाचा आवाज गेला, तर कोठून शोधायला लागावे

गणपतीच्या आदल्या आठवड्यात आमच्या वाडीतल्या भजनी मंडळाचा लॅपटॉप माझ्याकडे आला. जुन्या बुवांची भजने आणि म्हाताऱ्या बायकांकडून मुद्दाम गाऊन घेतलेली गौरीची गाणी त्यात साठवलेली होती, आणि गौरी घरात येण्याच्या रात्री ती सर्वांना ऐकवायची होती. पण लॅपटॉपमधून आवाजच येईना. सुटीवर आलेल्या एका मुलाने लिनक्स बिघडले असे ठरवून दोन दिवसांत दोनदा सगळी प्रणाली पुसून नव्याने बसवली होती. आवाज तर आला नाहीच, उलट त्या पुसापुशीत सात-आठ गाणी कायमची गेली. त्यांपैकी दोन गाणी म्हणणारी बाई आता हयात नाही. दोष शेवटी ज्या ठिकाणी सापडला त्याचा प्रणालीशी काहीही संबंध नव्हता. त्याबद्दल पुढे सविस्तर येईलच, पण हा लेख लिहिण्याचे कारण ती गेलेली गाणी आहेत.

लिनक्स नव्याने वापरू लागलेल्या माणसाला माझे सांगणे एवढेच आहे, की आवाज येत नसेल तर प्रणाली पुन्हा बसवू नये. आवाज कोणत्या वाटेने येतो ते समजून घ्यावे आणि ती वाट क्रमाने चालावी. आपल्याकडे वाडीला शिंपणे करताना शेवटच्या माडाच्या आळ्यात पाणी पोचले नाही, तर कोणी विहीर नव्याने खणायला घेत नाही. रहाटापासून पन्हळ, पन्हळीपासून डोण, डोणीपासून पाट असे चालत जाऊन पाणी कोठे फुटले किंवा कोठे पाचोळ्याने अडले ते पाहतात. संगणकातला आवाजही असाच टप्प्याटप्प्याने वाहतो. गाणे वाजवणारा प्रोग्रॅम तो पाइपवायर किंवा पल्सऑडिओ नावाच्या ध्वनी-सेवेकडे देतो, ती सेवा तो कर्नलमधल्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या, अल्सा या यंत्रणेकडे सोपवते, अल्सा तो साउंड कार्डाच्या चिपपर्यंत नेते, आणि तेथून तो तारेने जॅककडे, म्हणजे इअरफोनच्या भोकाकडे, किंवा स्पीकरकडे जातो. बहुतेक वेळा या पाचांतला एकच टप्पा अडलेला असतो.

पुढे कमांड सांगताना मी इंग्रजी अक्षरे एकेक करून उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, कारण वाडीवस्तीवरून फोन आला की मला त्या अशाच सांगाव्या लागतात. वेगळे सांगितलेले नसेल तर सर्व अक्षरे लहान आणि सलग टाइप करावीत, ‘मोकळी जागा’ असे म्हटले आहे तेथेच स्पेस द्यावी आणि शेवटी एंटर दाबावे. उबंटू आणि मिंट या डिस्ट्रोंमध्ये, म्हणजे लिनक्सच्या प्रकारांमध्ये, कंट्रोल, ऑल्ट आणि टी या कळा एकत्र दाबल्या की टर्मिनल उघडते. इतर ठिकाणी ते मेनूत शोधावे.

टर्मिनल उघडण्याआधी

प्रथम ध्वनिमुद्रणे, फोटो आणि कागदपत्रे पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावीत. आवाज दुरुस्त करताना फायली पुसल्या जाण्याचे खरे तर काहीच कारण नसते. पण शोध लांबला की माणसाचा धीर सुटतो आणि नको ते बटण दाबले जाते.

त्यानंतर दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅममधून दुसरीच फाइल वाजवून पाहावी, ब्राउझरच्या त्या टॅबचा आवाज बंद केलेला नाही ना हे पाहावे, आणि बाहेरचे स्पीकर असतील तर त्यांचा दिवा लागला आहे की नाही हे पाहावे. डेस्कटॉपवर स्पीकरची पिन पुढच्या भोकात न घालता मागच्या हिरव्या भोकात घालून पाहावी, कारण पुढच्या भोकांची आतली वायर पुष्कळदा मदरबोर्डाला जोडलेलीच नसते. शाळेच्या किंवा सभागृहाच्या प्रोजेक्टरला एचडीएमआय केबलने लॅपटॉप जोडलेला असेल, तर आवाज त्या केबलमधून प्रोजेक्टरकडे वळलेला असू शकतो. केबल काढून पाहिली की याचा उलगडा होतो.

एक चाचणी मात्र अगदी मन लावून करावी, कारण तिच्यामुळे निम्मे काम वाचते. चांगला चालतो अशी खात्री असलेला इअरफोन लावावा आणि गाणे वाजवावे. इअरफोनमध्ये स्वच्छ आवाज येत असेल आणि लॅपटॉपच्या स्पीकरमधून येत नसेल, तर प्रोग्रॅम, ध्वनी-सेवा, अल्सा आणि चिप हे चारही टप्पे बहुधा शाबूत आहेत. दोष शेवटच्या हातभर वाटेत आहे, आणि वाचकाने मधला भाग सोडून सरळ जॅकबद्दलच्या भागाकडे गेले तरी चालेल (तेथे येणारे अल्सामिक्सर आणि पावूकंट्रोल मात्र मधल्या भागात सांगितले आहेत).

त्याच लॅपटॉपवर विंडोजही बसवलेले असेल, तर विंडोजमध्ये जाऊन शिफ्ट कळ दाबून धरून शटडाउन करावे. विंडोज एरवी लवकर सुरू होता यावे म्हणून पूर्ण बंद होतच नाही, आणि त्यामुळे ध्वनीची चिप कधी कधी अर्धवट अवस्थेत लिनक्सच्या हाती येते. केवळ लिनक्स असेल तरीही एकदा लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, मिनिटभर थांबून तो पुन्हा सुरू करणे योग्य ठरते.

कर्नलला कार्ड दिसते का

टर्मिनलमध्ये ए-पी-एल-ए-वाय (म्हणजे एप्ले), मोकळी जागा, आडवी रेघ आणि तिला चिकटून एल असे टाइप करावे. येथे एल लहानच हवा. मोठा एल टाकला तर दुसरीच लांबलचक यादी येते आणि नवखा माणूस गोंधळतो. कमांड सापडत नाही असे उत्तर आले, तर अल्सा-युटिल्स हे पॅकेज बसवून घ्यावे. उत्तरात ‘कार्ड’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी आल्या, तर कर्नलने कार्ड ओळखले आहे. सर्वसाधारण लॅपटॉपवर एक ओळ ‘ॲनालॉग’ची असते, ती स्पीकर आणि इअरफोनची; तर दोन-तीन ओळी ‘एचडीएमआय’च्या असतात. कार्डाचा क्रमांक शून्यापासून सुरू होतो. ॲनालॉगची ओळ कोणत्या क्रमांकाच्या कार्डावर आहे तो आकडा कागदावर टिपून ठेवावा.

कार्डच सापडले नाही असे उत्तर आले, तर एल-एस-पी-सी-आय, मोकळी जागा, आडवी रेघ आणि के अशी कमांड द्यावी. संगणकाच्या पीसीआय मार्गावर जोडलेल्या सगळ्या उपकरणांची यादी येते. त्यात ‘ऑडिओ’ हा शब्द असलेली ओळ शोधावी आणि तिच्याखाली कोणता ड्रायव्हर वापरात आहे ते वाचावे. इंटेलने 2004 मध्ये आणलेल्या हाय डेफिनिशन ऑडिओ या मानकाप्रमाणे बनलेली चिप बहुतेक संगणकांत असते, आणि तिचा ड्रायव्हर ‘एसएनडी-एचडीए-इंटेल’ या नावाने दिसतो. एएमडीच्या संगणकांवरही हेच नाव दिसते, त्यामुळे ‘इंटेल’ हा शब्द पाहून चुकीचा ड्रायव्हर बसला असे समजू नये. ऑडिओची ओळच यादीत नसेल, तर बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, ध्वनी बंद केलेला आहे का ते पाहावे. तेथे तो चालू असूनही यादीत दिसत नसेल, तर चिप निकामी झाली असण्याचा संभव मोठा आहे.

ओळ आहे पण तिच्याखाली ड्रायव्हर नाही, किंवा ड्रायव्हर आहे तरी कार्ड तयार होत नाही, असा प्रकार अलीकडच्या इंटेल लॅपटॉपवर आढळतो. या लॅपटॉपच्या पडद्याजवळ डिजिटल मायक्रोफोन असतात आणि त्यांच्या ध्वनीचे काम एक स्वतंत्र प्रोसेसर करतो, ज्याला चालू होताना फर्मवेअरची, म्हणजे त्याच्या आत चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची, फाइल पुरवावी लागते. त्या यंत्रणेचे नाव साउंड ओपन फर्मवेअर, म्हणजे एसओएफ. सुडो (एस-यू-डी-ओ, म्हणजे पुढची कमांड प्रशासकाच्या अधिकाराने चालवणे), मोकळी जागा, डी-एम-ई-एस-जी, मोकळी जागा, उभी रेघ, मोकळी जागा, जी-आर-ई-पी, मोकळी जागा, एस-ओ-एफ अशी कमांड दिली की कर्नलने या बाबतीत केलेल्या नोंदी समोर येतात. फर्मवेअरची फाइल मिळाली नाही अशी तक्रार त्यांत दिसली, तर डेबियन आणि उबंटूमध्ये ‘फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड’ आणि फेडोरामध्ये ‘अल्सा-एसओएफ-फर्मवेअर’ हे पॅकेज बसवून संगणक पुन्हा सुरू करावा. जून 2023 मध्ये आलेल्या डेबियन 12 पासून असे फर्मवेअर इन्स्टॉलरबरोबरच मिळते. त्याआधी ते वेगळे उतरवून घ्यावे लागे, आणि ज्या गावात रेंजसाठी सड्यावर जावे लागते तेथे ही गोष्ट फार जाचक होती.

कालपर्यंत आवाज होता आणि अपडेटनंतर गेला, अशी तक्रार असेल तर संगणक सुरू होताना येणाऱ्या ग्रब या सुरुवातीच्या मेनूच्या यादीतल्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडावा. त्यावर आवाज आला, तर पुढचे अपडेट येईपर्यंत तोच वापरावा.

अल्सामिक्सर : बंद राहिलेली मोरी

कार्ड दिसते तरी आवाज नाही, तर पुढची तपासणी अल्सामिक्सरमध्ये करावी. ए-एल-एस-ए आणि त्याला लागून एम-आय-एक्स-ई-आर एवढेच टाइप केले की टर्मिनलमध्येच उभ्या पट्ट्या असलेला पडदा उघडतो. येथे नवखे बहुतेक फसतात. उघडताच एकच पट्टी दिसली, तर तो ध्वनी-सेवेचा मिक्सर आहे, खऱ्या कार्डाचा नव्हे. एफ 6 कळ दाबावी, येणाऱ्या यादीतून आपण टिपून ठेवलेल्या क्रमांकाचे कार्ड निवडावे, म्हणजे त्या कार्डाच्या स्वतःच्या पट्ट्या दिसू लागतात. लॅपटॉपवर एफ 6 दाबल्यावर पडद्याचा उजेडच कमी-जास्त होत असेल, तर एफएन कळ बरोबर दाबावी.

‘मास्टर’, ‘हेडफोन’, ‘स्पीकर’ आणि ‘पीसीएम’ या चार पट्ट्या महत्त्वाच्या. प्रत्येक पट्टीच्या तळाशी एक छोटा चौकोन असतो. त्यात दोन एम अक्षरे असतील, तर ती पट्टी मुकी केलेली आहे. दोन शून्ये असतील, तर ती उघडी आहे. डाव्या-उजव्या बाणाने पट्टीवर यावे, एम कळ दाबून ती उघडावी आणि वरच्या बाणाने ती वाढवावी. पट्टी शंभरावर असूनही खाली दोन एम असतील तर आवाज येत नाही, आणि हे ध्यानात न आल्यामुळे पट्ट्या वर-खाली करत तास घालवणारी माणसे मी पाहिली आहेत. पाटाची मोरी बंद असताना रहाट कितीही फिरवला तरी पाणी पुढे जात नाही, तसेच हे आहे.

उजवीकडे सरकत गेल्यास पुष्कळ लॅपटॉपवर ‘ऑटो-म्यूट मोड’ नावाची खूण सापडते. ती चालू असली की इअरफोन लावताच स्पीकर आपोआप बंद होतात. सोय चांगली आहे. पण इअरफोन लावलेला नसताना तो लावला आहे असा कार्डाचा समज झाला, तर हीच सोय आवाज गिळून टाकते. एस्केप दाबून बाहेर पडावे आणि सुडो, मोकळी जागा, ए-एल-एस-ए-सी-टी-एल, मोकळी जागा, एस-टी-ओ-आर-ई अशी कमांड देऊन केलेली मांडणी साठवून ठेवावी.

आता एस-पी-ई-ए-के-ई-आर, आडवी रेघ, टी-ई-एस-टी, मोकळी जागा, आडवी रेघ, सी-2, मोकळी जागा, आडवी रेघ, टी, मोकळी जागा, डब्ल्यू-ए-व्ही अशी कमांड द्यावी. एक बाई इंग्रजीत ‘पुढचा डावा’, ‘पुढचा उजवा’ असे आळीपाळीने म्हणू लागते. तिचा आवाज दोन्ही बाजूंनी नीट ऐकू आला, तर ध्वनीची वाट मोकळी आहे आणि दोष गाणे वाजवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आहे. कंट्रोल आणि सी दाबून ही चाचणी थांबवावी.

ध्वनी-सेवा, आणि जुने सल्ले का पाळू नयेत

शोध घेताना वाचकाला दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे सल्ले हमखास भेटतील आणि त्यांतले बरेच ‘पल्सऑडिओ काढून टाका’ असे सांगतील. त्या काळी ते कदाचित उपयोगी पडत असेल. आज ते केल्यास डेस्कटॉपचा निम्मा भाग त्याबरोबर निघून जाण्याची भीती आहे. थोडा इतिहास माहीत असला म्हणजे कोणता सल्ला कोणत्या काळचा हे ओळखता येते. यारोस्लाव किसेला यांनी 1998 मध्ये अल्साचे काम सुरू केले आणि डिसेंबर 2003 च्या 2.6 कर्नलपासून ती लिनक्सची मुख्य ध्वनी-यंत्रणा झाली. अनेक प्रोग्रॅमचे आवाज एकत्र मिसळण्यासाठी तिच्यावर पल्सऑडिओ आले आणि ते 2007-08 च्या सुमारास फेडोरा आणि उबंटूमध्ये रूढ झाले. पुढे विम टायमन्स यांनी लिहिलेल्या पाइपवायरने त्याची जागा घेतली: एप्रिल 2021 च्या फेडोरा 34 मध्ये आणि ऑक्टोबर 2022 च्या उबंटू 22.10 मध्ये. पाइपवायर पल्सऑडिओच्या भाषेतच बोलते, म्हणून जुन्या प्रोग्रॅमना बदल झाल्याचे कळतही नाही.

आपल्या संगणकावर कोणती सेवा आहे हे पाहण्यासाठी पी-ए-सी-टी-एल, मोकळी जागा, आय-एन-एफ-ओ ही कमांड द्यावी आणि ‘सर्व्हर नेम’ ही ओळ वाचावी. त्या ओळीत पाइपवायरचे नाव आले तर नवी सेवा, केवळ पल्सऑडिओचे आले तर जुनी. या कमांडपुढे सुडो कधीही लावू नये. ध्वनी-सेवा वापरकर्त्याच्या नावाने चालते, प्रशासकाच्या नावाने नव्हे. सुडो लावून विचारले, तर चालू असलेली सेवाही बंद असल्यासारखी वाटते.

सेटिंग्जमध्ये आउटपुट म्हणून केवळ ‘डमी आउटपुट’ दिसत असेल, तर सेवेला एकही कार्ड मिळालेले नाही. अल्साला कार्ड दिसते हे आपण आधीच पाहिले असेल, तर सेवा पुन्हा सुरू करणे हा पहिला उपाय. एस-वाय-एस-टी-ई-एम-सी-टी-एल, मोकळी जागा, दोन आडव्या रेघा आणि त्यांना चिकटून यू-एस-ई-आर, मोकळी जागा, आर-ई-एस-टी-ए-आर-टी, मोकळी जागा, डब्ल्यू-आय-आर-ई-पी-एल-यू-एम-बी-ई-आर, मोकळी जागा, पी-आय-पी-ई-डब्ल्यू-आय-आर-ई, मोकळी जागा, पुन्हा तोच पाइपवायर हा शब्द, आडवी रेघ, पी-यू-एल-एस-ई. यातला वायरप्लंबर हा कोणता आवाज कोणत्या कार्डाकडे जोडायचा ते ठरवतो. जुन्या पल्सऑडिओवर त्याऐवजी पी-यू-एल-एस-ई-ए-यू-डी-आय-ओ, मोकळी जागा, आडवी रेघ, के एवढे पुरते. सेवा बंद होऊन आपोआप पुन्हा उभी राहते.

याच टप्प्यावर ‘पावूकंट्रोल’ हे छोटे साधन बसवून घ्यावे, असा माझा प्रत्येक नवख्याला आग्रह असतो. त्याचे स्पेलिंग पी-ए-व्ही-यू-सी-ओ-एन-टी-आर-ओ-एल असे आहे. डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये जे दिसत नाही ते त्याच्या पाच टॅबमध्ये दिसते. शेवटच्या ‘कॉन्फिगरेशन’ टॅबमध्ये कार्डाचे प्रोफाइल ‘ऑफ’वर किंवा एचडीएमआयवर अडकलेले असेल, तर ते ‘ॲनालॉग स्टिरिओ ड्युप्लेक्स’वर आणावे. पहिल्या ‘प्लेबॅक’ टॅबमध्ये गाणे चालू असताना त्या प्रोग्रॅमची पट्टी हलताना दिसते. पट्टी हलते आणि तरी आवाज येत नाही, याचा अर्थ तो दुसऱ्याच उपकरणाकडे जात आहे, आणि तो कोठे जातो ते त्याच ओळीतल्या बटणावरून बदलता येते.

जॅक आणि खारी हवा

आता त्या भजनी मंडळाच्या लॅपटॉपकडे येतो. कार्ड दिसत होते, मिक्सरच्या सर्व पट्ट्या उघड्या होत्या, सेवा चालू होती, आणि इअरफोन लावला की आवाज खणखणीत येत होता. इअरफोन काढल्यावरही सेटिंग्जमध्ये आउटपुट म्हणून ‘हेडफोन्स’ हेच नाव कायम राहात होते. मी मोबाइलचा टॉर्च तिरका धरून भोकात पाहिले. आतल्या पितळी पातीवर, कल्हई गेलेल्या पातेल्याला धरतो तसा, हिरवट पांढरा थर धरलेला होता आणि पाती भिंतीला चिकटून बसली होती.

साडेतीन मिलिमीटरच्या जॅकच्या आत बहुधा एक बारीकसा स्विच असतो. पिन आत शिरली की ती एका पातीला ढकलते, पाती दुसऱ्या पातीला टेकते किंवा तिच्यापासून सुटते, आणि त्यावरून कार्डाला कळते की इअरफोन लावला. समुद्रावरच्या हवेतले मीठ आणि पावसाळ्यातली ओल यांनी त्या पातीला गंज धरला, की ती तशीच अडकते आणि कार्डाला वाटते की इअरफोन अजून आत आहे. मग ऑटो-म्यूट आपले काम इमानाने करतो आणि स्पीकर मुके राहतात. किनाऱ्यालगतच्या गावांतून माझ्याकडे येणाऱ्या संगणकांत हा दोष मला वारंवार आढळतो, आणि देशावर लिहिलेल्या कोणत्याही सल्ल्यात त्याला फारशी जागा नसते.

तात्पुरता उपाय म्हणून अल्सामिक्सरमध्ये ऑटो-म्यूट बंद करावा आणि पावूकंट्रोलच्या ‘आउटपुट डिव्हायसेस’ टॅबमध्ये पोर्ट म्हणून ‘स्पीकर्स’ निवडावे. पुढे ‘अनअव्हेलेबल’ असे लिहिलेले असले तरी ते निवडता येते. आमचा गौरीच्या रात्रीचा कार्यक्रम एवढ्यावर पार पडला.

कायमच्या उपायासाठी संगणक बंद करून चार्जर काढावा आणि बॅटरी निघत असेल तर तीही काढावी. नव्वद टक्क्यांहून अधिक शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावे. एका जुन्या इअरफोनची पिन त्यात बुडवून, झटकून, जॅकमध्ये घालावी, फिरवावी, काढावी, पुसावी. असे दहा-पंधरा वेळा करावे. पुसताना कापडावर हिरवट काळे डाग उमटू लागले म्हणजे काम होत आहे असे समजावे. नंतर अर्धा तास हवेशीर जागी वाळू द्यावे. सुई, टाचणी किंवा हेअरपिन आत घालू नये, कारण पाती वाकली की जॅकच बदलावा लागतो. गंजाला तेल लावण्याची आपली सवय येथे कामाची नाही. खोबरेल तेलाचा थर पुढे चिकट होऊन त्यावर धूळ बसते. पावसाळ्यात लॅपटॉप कपाटात बंद करून ठेवण्यापेक्षा रोज तासभर चालू ठेवावा. त्याच्या स्वतःच्या उबेने आतली ओल हटते.

जॅकचाच आणखी एक प्रकार लक्षात ठेवण्याजोगा आहे. इअरफोनमध्ये वाद्ये ऐकू येतात पण बुवांचा आवाज कोठेतरी विहिरीत गेल्यासारखा वाटतो, असे झाल्यास गाण्याची फाइल खराब नसते. पिनेची जमिनीची, म्हणजे सामाईक परतीची जोडणी सुटलेली असते. त्यामुळे डाव्या आणि उजव्या बाजूंतला केवळ फरक ऐकू येतो, आणि गायकाचा आवाज दोन्हींत सारखा असल्याने तो नाहीसा होतो. पिन पूर्ण आत ढकलावी, आणि तेवढ्याने न भागल्यास जॅक वरच्याप्रमाणे साफ करावा.

घरघर आणि टकटक

आवाज येतो पण त्यामागे सतत ‘हूंऽऽ’ अशी घरघर असते, ही तक्रार ॲम्प्लिफायर जोडणाऱ्यांची. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवावा. घरघर थांबली तर दोष लिनक्सचा नाही, घराच्या अर्थिंगचा किंवा दोन वेगळ्या प्लगमधून तयार झालेल्या अर्थिंगच्या फेऱ्याचा आहे. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेचाच तो सूर असतो. जांभ्याची जमीन पाणी धरून ठेवत नाही, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि घरघर वाढते. लॅपटॉप आणि ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावर लावावेत, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे, आणि वायरमनकडून तो तपासून घ्यावा. घरघर घालवण्यासाठी प्लगची तिसरी पिन तोडणारे लोक आहेत. तसे मुळीच करू नये. ती पिन जीव वाचवण्यासाठी आहे.

गाणे सुरू होताना किंवा संपल्यावर काही क्षणांनी ‘टक्’ असा आवाज येत असेल, तर वीज वाचवण्यासाठी चिप झोपते आणि जागी होते त्याचा तो आवाज आहे. इ-टी-सी फोल्डरातल्या मॉडप्रोब-डॉट-डी या उपफोल्डरात शेवटी डॉट-सी-ओ-एन-एफ असलेली एक नवी फाइल प्रशासकाच्या अधिकाराने तयार करावी आणि तिच्यात एकच ओळ लिहावी: ओ-पी-टी-आय-ओ-एन-एस, मोकळी जागा, एस-एन-डी, खालची रेघ, एच-डी-ए, खालची रेघ, आय-एन-टी-ई-एल, मोकळी जागा, पी-ओ-डब्ल्यू-ई-आर, खालची रेघ, एस-ए-व्ही-ई, बरोबरचे चिन्ह, शून्य. संगणक पुन्हा सुरू केल्यावर चिपचे झोपणे थांबते. बॅटरी थोडी अधिक खर्च होते.

मायक्रोफोन आणि ब्लूटूथ

अल्सामिक्सरमध्ये एफ 4 दाबले की ध्वनी आत घेण्याच्या पट्ट्या दिसतात. ‘कॅप्चर’ पट्टीवर जाऊन स्पेस दाबून ती चालू करावी. ‘बूस्ट’ शक्यतो एका पायरीपलीकडे नेऊ नये, नाहीतर पावसाची झड आणि पंखाच गाण्यापेक्षा मोठा ऐकू येतो. मोबाइलच्या हेडसेटच्या पिनेवर तीन काळी कडी असतात. डेस्कटॉपला हिरवे आणि गुलाबी अशी वेगळी भोके असल्यास अशा हेडसेटसाठी दोन टोकांचा स्प्लिटर घ्यावा लागतो.

ब्लूटूथ हेडसेटवर गाणे छान वाजते आणि व्हिडिओ-कॉल सुरू होताच आवाज जुन्या फोनसारखा होतो, यात बिघाड काही नाही. मायक्रोफोन चालू होताच हेडसेट संगीताचे प्रोफाइल सोडून बोलण्याच्या प्रोफाइलवर जातो. कॉलसाठी लॅपटॉपचा स्वतःचा मायक्रोफोन निवडला, तर ऐकण्याचा दर्जा टिकतो.

एवढे करूनही आवाज नसेल तर

लिनक्सची लाइव्ह पेनड्राइव्ह तयार करून संगणक तिच्यावरून सुरू करावा. त्यात हार्डडिस्कला हात लागत नाही. तेथे आवाज आला, तर दोष आपल्या मांडणीत आहे. तेथेही आला नाही आणि चिप किंवा जॅक गेल्याची खात्री पटली, तर छोटे यूएसबी साउंड कार्ड घ्यावे. यूएसबी ऑडिओच्या सामान्य मानकाप्रमाणे बनलेल्या कार्डाला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, ते लावताच एप्लेच्या यादीत नव्या क्रमांकाने दिसते, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याचा जॅक गंजला तरी लॅपटॉप उघडावा लागत नाही. भजनी मंडळाच्या लॅपटॉपला आम्ही जॅक साफ केल्यावरही असे एक कार्ड लावून ठेवले आहे.

दुसऱ्या कोणाची मदत घ्यायची असेल, तर ‘आवाज येत नाही’ एवढेच सांगू नये. ए-एल-एस-ए, आडवी रेघ, आय-एन-एफ-ओ, मोकळी जागा, दोन आडव्या रेघा, एन-ओ, आडवी रेघ, यू-पी-एल-ओ-ए-डी अशी कमांड दिली की कार्ड, ड्रायव्हर आणि मिक्सरच्या सर्व पट्ट्यांची माहिती एका फाइलमध्ये उतरते आणि ती कोठेही परस्पर पाठवली जात नाही. काही डिस्ट्रोंमध्ये या कमांडच्या ‘इन्फो’ या शब्दानंतर डॉट-एस-एच जोडावे लागते. ती फाइल, डिस्ट्रोचे नाव आणि आवृत्ती, इअरफोनची चाचणी केल्यावर काय झाले, आणि आवाज शेवटचा केव्हा नीट येत होता, एवढे मदत करणाऱ्याला एकदमच कळवावे.